आर्सेनिक जमिनीत सगळीकडे आहे, मग पाण्यात काही ठिकाणीच का?

भूजलात आर्सेनिक सापडल्याची बातमी आली की वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे पाण्यात सोडलं कुणी? आसपास कारखाना आहे का, खाण आहे का, शेतात काय फवारतात? प्रश्न रास्त आहे. खाणींच्या टाकाऊ ढिगांतून आणि जुन्या कीटकनाशकांतून आर्सेनिक पाण्यात उतरल्याची उदाहरणं आहेत. पण ज्या संकटात सगळ्यात जास्त माणसं सापडली, ते गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघनेच्या त्रिभुज प्रदेशातलं संकट कुणी काही सोडल्यामुळे आलेलं नाही. तिथलं आर्सेनिक नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळातलंच आहे.

मग त्या गाळात आर्सेनिक भरमसाट असणार, असं कुणालाही वाटेल. तेही खरं नाही. बंगालच्या गाळातलं आर्सेनिक जगातल्या इतर साध्या गाळात असतं तेवढंच आहे. या विषयात लोकांपर्यंत सगळ्यात कमी पोहोचलेली गोष्ट हीच आहे, आणि बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जमिनीत किती आणि पाण्यात किती?

पृथ्वीच्या कवचात एक किलो खडकामागे साधारण दोन मिलिग्रॅम आर्सेनिक असतं. नद्यांच्या गाळात कुठे तेवढंच, कुठे पाच-दहा मिलिग्रॅम. हे प्रमाण किरकोळ आहे आणि गाळात बंदिस्त असेतोवर त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पाण्याची मर्यादा मात्र फार कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 पासून पिण्याच्या पाण्यासाठी एका लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे एका लिटरमध्ये ग्रॅमचा एक लाखावा भाग. भारतीय मानकही 10 मायक्रोग्रॅमचंच आहे. बांगलादेशात अजून 50 चा आकडा धरतात.

आता जमिनीखाली काय असतं ते पाहू. वाळूच्या थरात कणांच्या मधल्या फटींत पाणी साठतं. फटींची जागा एकूण आकारमानाच्या तीस टक्के धरली, तर एक लिटर पाणी सुमारे सहा किलो वाळूच्या सान्निध्यात असतं. किलोमागे तीन मिलिग्रॅम आर्सेनिक धरलं तर त्या सहा किलोंत 18 मिलिग्रॅम, म्हणजे 18,000 मायक्रोग्रॅम. त्यातलं अर्धा टक्का जरी सुटून पाण्यात आलं, तरी पाण्यात 90 मायक्रोग्रॅम होतात. मर्यादेच्या नऊपट! बाकीचं साडेनव्व्याण्णव टक्के गाळातच राहिलेलं असतं.

म्हणून मातीत आर्सेनिक किती आहे, हे मोजून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. ते कशामुळे सुटतं, हे समजून घ्यावं लागतं.

डोंगरातून खाली येताना

खडकांत आर्सेनिक मुख्यतः गंधकाच्या खनिजांत असतं. पायराइट हे लोखंड आणि गंधकाचं पिवळं चकाकणारं खनिज त्यातलंच. डोंगराची झीज होते, खनिजं हवेत उघडी पडतात, ऑक्सिजनने त्यांचं विघटन होतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. ते पाण्यातून वाहत समुद्राला मिळायला हवं, पण वाटेत लोखंड भेटतं.

त्याच झिजेत सुटलेलं लोखंड हवेच्या संपर्कात गंजतं. या गंजाचा अगदी पातळ थर वाळूच्या आणि मातीच्या कणांवर बसतो. नदीकाठची वाळू तांबूस दिसते ती त्याच्यामुळेच. गंजाच्या पृष्ठभागाला आर्सेनिक घट्ट चिकटतं. विशेषतः ऑक्सिजन भरपूर असतो तेव्हाचं त्याचं रूप, ज्याला आर्सेनेट म्हणतात. फॉस्फेटची आणि याची रेण्वीय घडण बरीच सारखी आहे, आणि फॉस्फेटही असंच चिकटतं. भिंतीच्या ओल्या रंगात धूळ बसावी आणि रंग सुकल्यावर ती निघू नये, तसं हे आर्सेनिक गंजाच्या थरात अडकून कणाबरोबर प्रवास करतं. भिंत टिकली आणि रंग टिकला तर धूळही जागेवर राहते.

हिमालयातून निघालेला गाळ असाच खाली आला. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. नद्यांनी त्या काळी खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्या नव्या गाळाने भरत गेल्या. या नव्या गाळाबरोबर दलदलीतली झाडंझुडपं, पाचोळा, कुजट मातीचे थरही गाडले गेले. आर्सेनिकचं पुढचं सगळं या गाडलेल्या पाचोळ्याशी जोडलेलं आहे.

गाळातून पाण्यात

जमिनीखाली हवा पोहोचत नाही. पाण्यात विरघळलेला थोडाफार ऑक्सिजन जीवाणू कुजणारं खाताना संपवून टाकतात. ऑक्सिजन संपला म्हणून त्यांचं काम थांबत नाही. ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, आणि मग कणांवरचा लोखंडाचा गंज. आपण श्वसनात ऑक्सिजनला जे काम देतो, तेच काम हे जीवाणू गंजाकडून करून घेतात. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. क्षपण झालेलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि कणावरचा थर नाहीसा होतो. थरच गेल्यावर त्यात अडकलेलं आर्सेनिक पाण्यात येणारच.

शिवाय ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात आर्सेनिकचं रूपही बदलतं. आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं. आर्सेनेटवर विद्युत भार असतो, आर्सेनाइटवर नेहमीच्या भूजलात तो नसतो. त्यामुळे ते बऱ्याच पृष्ठभागांना कमी चिकटतं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणांच्या हातूनही जास्त सहज निसटतं.

हा उलगडा एका दिवसात झालेला नाही. आधी अनेकांना वाटायचं की भूजलाचा फार उपसा झाला, पातळी खाली गेली, पायराइटला हवा लागली आणि त्यातून आर्सेनिक सुटलं. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण तसं असतं तर पायराइटमधल्या गंधकापासून बनलेलं सल्फेट पाण्यात भरपूर सापडायला हवं होतं, आणि बंगालच्या दूषित पाण्यात ते कमीच सापडत होतं. लोखंड मात्र भरपूर. 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने गंजाच्या क्षपणाकडे बोट दाखवलं. 2004 मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधला गाळ हवाबंद ठेवून, जीवाणूंना खाद्य म्हणून अ‍ॅसिटेट देऊन, आर्सेनिक सुटताना प्रत्यक्ष दाखवलं. लोखंडाचं क्षपण आधी झालं, आर्सेनिक त्याच्या मागून आलं.

क्षपण आणखी पुढे गेलं की चित्र पुन्हा पालटू शकतं. पाण्यात सल्फेट असेल तर जीवाणू त्याचं सल्फाइड करतात, आणि सल्फाइडबरोबर आर्सेनिक पुन्हा खनिजात अडकतं. म्हणजे ऑक्सिजन भरपूर असला तरी आर्सेनिक बांधलेलं, आणि क्षपण फार पुढे गेलं तरी बऱ्याचदा बांधलेलं. धोका मधल्या पट्ट्यात आहे, आणि मोठ्या नद्यांच्या कोवळ्या गाळाचा बराचसा भाग नेमका त्याच पट्ट्यात येतो. मेकाँग आणि व्हिएतनाममधल्या लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशांतही हेच दिसतं.

हजारो वर्षं होतं, मग लोक आत्ताच आजारी कसे पडले?

कारण आधी ते पाणी कुणी पीत नव्हतं. बंगालमध्ये लोक तळ्यांचं, नद्यांचं आणि उथळ विहिरींचं पाणी पीत. त्यातून हगवण, कॉलरा पसरायचा आणि मुलं दगावायची. 1970 च्या दशकात युनिसेफ आणि सरकारांनी हातपंपांचा मोठा कार्यक्रम राबवला. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने घरोघर पंप बसवले. हेतू चांगला होता, आणि पाणी जंतूंच्या बाबतीत खरंच चांगलं होतं. आर्सेनिकची तपासणी मात्र त्या काळात होत नव्हती. ज्या खोलीवर सहज पाणी लागतं, तीच खोली कोवळ्या गाळाची निघाली.

पश्चिम बंगालमध्ये 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे काळसर-पांढरे ठिपके आणि जाड, खरखरीत झालेले तळहात-तळपाय पाहून आर्सेनिक ओळखलं. बांगलादेशात दूषित पाणी 1993 मध्ये पहिल्यांदा सापडलं. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या 2001 च्या अहवालात साडेतीन हजारांवर नमुने होते. 150 मीटरपेक्षा उथळ असलेल्या कूपनलिकांपैकी 27 टक्के 50 मायक्रोग्रॅमच्या वर निघाल्या, 46 टक्के 10 च्या वर. त्याहून खोल असलेल्यांपैकी 50 च्या वर फक्त एक टक्का.

या आजाराचं क्रौर्य त्याच्या संथपणात आहे. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्वचेवर खुणा दिसायला वर्षं जातात, आणि त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांचे कॅन्सर त्याहूनही उशिरा येतात. चिलीतल्या अँटोफागास्ता शहराला 1958 पासून ज्या नदीचं पाणी मिळू लागलं, त्यात लिटरला 800 मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होतं. ते 1970 मध्ये शुद्ध होऊ लागलं. तरीही फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यानंतर कित्येक दशकं वाढलेलेच राहिले.

शेजारच्या दोन पंपांत एवढा फरक कसा?

एकाच वस्तीत एका पंपाचं पाणी चांगलं आणि तीस-चाळीस मीटरवरच्या दुसऱ्या पंपाचं विषारी, असं बंगालमध्ये नेहमी दिसतं. लोकांचा तपासणीवरचा विश्वास उडण्याचं हेही एक कारण आहे. पण नदीने गाळ एकसारखा पसरलेला नसतो. आज जिथे शेत आहे तिथे कधी प्रवाह होता, कधी दलदल, कधी काठावरचा उंचवटा. कुठे वर मातीचा जाड थर, कुठे वाळू थेट पृष्ठभागापर्यंत. पाचोळा कुठे गाडला गेला, पाणी कुठून मुरतं, त्यासोबत काय खाली जातं, हे दर काही मीटरला बदलतं.

हा फरक कधीकधी डोळ्यांनी दिसतो. बंगालमध्ये हाताने कूपनलिका खोदताना एक माणूस वर चढून बसतो. खालचे मजूर तरफेने पाइप वर-खाली करतात, आणि तो वरचा माणूस पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरतो आणि सोडतो. त्याचा हातच झडपेचं काम करतो. प्रत्येक ठोक्याला पाइपमधून पाणी आणि वाळू उसळून बाहेर येते, आणि खोली वाढेल तसा तिचा रंग बदलत जातो. करडी वाळू आली तर कणांवरचा गंज गेलेला आहे. तिथल्या पाण्यात आर्सेनिक असण्याची शक्यता जास्त. तांबूस-पिवळी वाळू लागली तर थर अजून शाबूत आहे, आणि पाणी बहुधा चांगलं. असे तांबूस थर बऱ्याचदा हिमयुगाच्या त्या ऐन भराच्याही आधीचे असतात. त्यांतला कुजण्याजोगा माल केव्हाच संपलेला असतो. बांगलादेशातल्या मतलब भागात संशोधकांनी खोदणाऱ्यांची ही रंगांची पारख तपासली आणि ती मोठ्या प्रमाणात खरी ठरली. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रयोगशाळा दूर असते. खोदणारा तिथेच असतो, आणि पाइप कोणत्या थरात थांबवायचा हे त्याच्या हातात असतं.

पंपाच्या ओट्यावरचा लालसर डाग हीसुद्धा एक खूण आहे. विरघळलेलं लोखंड हवेत आलं की गंजून बसतं आणि ओटा लाल होतो, म्हणजे खाली क्षपण चालू आहे. पण लोखंड आहे आणि आर्सेनिक नाही, असंही पुष्कळदा असतं. म्हणून खुणांवरून संशय घ्यावा, निवाडा तपासणीनेच करावा.

मग खोल खोदलं की संपलं?

बंगालमध्ये आज तरी खोल, जुने थर हा सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. पण वरचं दूषित पाणी खाली सरकणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही.

आर्सेनिक पाण्याच्या वेगाने जात नाही, ही यातली दिलासा देणारी बाजू. वाटेत प्रत्येक कणाला चिकटत, सुटत ते मागे पडतं. हे मागे पडणं हनोईजवळच्या एका गावात मोजलं गेलं. शहराला पाणी पुरवण्यासाठी तिथे अनेक दशकं प्रचंड उपसा झाला, त्यामुळे भूजलाच्या वाहण्याची दिशाच उलटी झाली आणि कोवळ्या गाळातलं दूषित पाणी शेजारच्या जुन्या, स्वच्छ थराकडे ओढलं गेलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाणी जेवढं पुढे सरकलं, त्याच्या सोळाव्या ते विसाव्या भागाएवढंच आर्सेनिक पुढे गेलं होतं. तरीही ते स्वच्छ थरात शंभर मीटरच्या पुढे शिरलेलं होतं.

म्हणून खोल थरातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवणं आणि सिंचनासाठी ते न उपसणं, हा सल्ला बंगालच्या बाबतीत अभ्यासक पुनःपुन्हा देतात. हातपंपाने दिवसभरात निघणारं पाणी किरकोळ असतं. दिशा बदलतात ते मोठे पंप.

सगळीकडे हीच गोष्ट आहे का?

नाही, आणि इथे उपाययोजना करणाऱ्यांनाही ठेच लागलेली आहे. अर्जेंटिनाच्या चाको-पाम्पा मैदानातल्या भूजलात ऑक्सिजन असतो, तरी आर्सेनिक असतं. तिथला गाळ ज्वालामुखीच्या राखेचा आहे आणि पाणी बरंच अल्कधर्मी. सामू साडेआठच्या आसपास गेला की गंजाच्या पृष्ठभागावरचा भार बदलतो आणि आर्सेनेटची पकड सुटते. थर जागेवर असूनही आर्सेनिक पाण्यात येतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये तर पाणी साठवण्याच्या चांगल्या योजनेतून हे घडलं. पावसाळ्यातलं जास्तीचं, शुद्ध केलेलं पाणी जमिनीखालच्या चुनखडकात भरून ठेवायचं आणि गरजेला उपसायचं, अशी ती पद्धत. भरलेल्या पाण्यात ऑक्सिजन होता, खडकात आर्सेनिकयुक्त पायराइट होतं. उपसलेल्या पाण्यात आर्सेनिक निघालं. बंगालसाठी चुकीची ठरलेली पायराइटची कल्पना इथे बरोबर होती. पुनर्भरण म्हणजे नेहमीच भलं, असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात घ्यावं: आत जाणारं पाणी स्वच्छ असणं पुरेसं नाही, खालच्या खडकाशी त्याचं काय होईल तेही आधी तपासावं लागतं.

उकळून किंवा गाळून जाईल का?

उकळून नाही. वाफ होऊन पाणी कमी होतं, आर्सेनिक मागे राहतं, त्यामुळे तीव्रता उलट वाढते. साध्या कापडाने किंवा कँडल फिल्टरनेही विरघळलेलं आर्सेनिक अडत नाही.

जे उपाय चालतात त्यातले बरेचसे जमिनीखालच्या क्रियेला उलटं फिरवतात. लोखंड असलेलं पाणी हवेत खेळवायचं, लोखंडाचा साका बनतो, आर्सेनिक त्याला चिकटतं आणि वाळूत गाळलं जातं. व्हिएतनाममधल्या घरगुती वाळूच्या फिल्टरांनी अशा रीतीने सरासरी ऐंशी टक्के आर्सेनिक काढलेलं आढळलं आहे. पण तिथल्या पाण्यात लोखंड खूप आहे म्हणून. लोखंड कमी किंवा फॉस्फेट जास्त असेल तर तोच फिल्टर अपुरा पडतो, कारण चिकटायच्या जागा फॉस्फेट अडवून बसतं. आरओ यंत्रं आर्सेनेट चांगलं अडवतात, आर्सेनाइट कमी. म्हणून आधी ऑक्सिडीकरणाने आर्सेनाइटचं आर्सेनेट करून घ्यावं लागतं. आणि कुठल्याही पद्धतीत निघालेला साका किंवा सोडलेलं पाणी कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतोच. साका जर हवा न पोहोचणाऱ्या चिखलात पुरला, तर जीवाणू तेच काम पुन्हा सुरू करतील.

भाताच्या खाचरात नेमकी हीच स्थिती असते. पाणी साचलेलं, हवा बंद, क्षपण चालू. आर्सेनाइट मुळांच्या ज्या मार्गाने आत जातं तो मार्ग भाताने सिलिकॉनसाठी ठेवलेला आहे, आणि भात सिलिकॉन भरपूर घेतो. म्हणून दूषित पाण्यावर पिकवलेला तांदूळ हा शरीरात आर्सेनिक जाण्याचा दुसरा रस्ता ठरतो. चांगल्या, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकलं तर काही भाग कमी होतो. दूषित पाण्यातच शिजवला तर वाढतो.

तपासणी करताना

गावपातळीवर वापरायची संच-पेटी सोपी असते. पाण्यात रसायनं टाकली की आर्सेनिकचा वायू बनतो आणि बाटलीच्या तोंडाशी लावलेल्या कागदी पट्टीवर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग उमटतो. वायू विषारी असतो, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत करायचं. तक्त्यावर रंग जुळवून आकडा कळतो, ढोबळच, पण 200 आणि 10 यांतला फरक नक्की कळतो. बांगलादेशात 2000 नंतर सुमारे 50 लाख कूपनलिका अशा तपासल्या गेल्या आणि 50 च्या वरच्यांना लाल, बाकीच्यांना हिरवा रंग दिला गेला. लाल पंपाच्या घरातली बरीच माणसं शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागली. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक क्वचित पडतो. त्यानंतर बसवलेल्या असंख्य पंपांची तपासणी मात्र अनेक वर्षं झाली नाही.

प्रयोगशाळेत नमुना पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची असते. पंपातून बाटलीत भरलेल्या पाण्याला हवा लागते, काही तासांत लोखंड गंजून तळाशी लाल साका बसतो, आणि आर्सेनिक त्या साक्याला चिकटून खाली जातं. प्रयोगशाळेने वरचं नितळ पाणी मोजलं तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून नमुना घेताना जागेवरच बाटलीत शुद्ध आम्लाचे काही थेंब घालतात, म्हणजे लोखंड विरघळलेलंच राहतं. अहवाल हातात आला की नमुना आम्ल घालून घेतला होता का, हे आधी विचारा.